विद्रावकाविना संश्लेषण आणि घन अम्ले

लखनौ म्हटले की इमामबाडे, चिकनचे भरतकाम आणि अत्तरांची दुकाने डोळ्यांपुढे येतात. गोमतीच्या काठी उभ्या असलेल्या छत्तर मंजिल या नवाबी राजवाड्याचे मात्र रसायनशास्त्राशीही एक नाते आहे. १७ फेब्रुवारी १९५१ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांनी या वास्तूत केंद्रीय औषधी संशोधन संस्थेचे उद्घाटन केले आणि अवधच्या नवाबांच्या दालनांत काचेचे चंबू, ऊर्ध्वपातनाची उपकरणे आणि अम्लांच्या बाटल्या येऊन बसल्या. पुढे ही संस्था जानकीपुरम विस्तारातील नव्या आवारात गेली. या संस्थेत जन्मलेले सेंटक्रोमन हे स्त्रियांसाठीचे गर्भनिरोधक १९९१ साली ‘सहेली’ या नावाने बाजारात आले. त्याचे जनक डॉ. नित्या आनंद यांनी आपली पहिली डॉक्टरेट १९४८ साली मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातून मिळवली होती. लखनौच्या औषधी रसायनाला मुंबईचा असा एक धागा प्रारंभापासूनच जोडलेला आहे आणि या लेखात तो पुन्हा भेटणार आहे.

त्याच शहरात आणखी दोन प्रयोगशाळा आहेत. एक केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्था; तिची मुळे १९५९ सालापर्यंत जातात. पुदिना, गवती चहा, सिट्रोनेला गवत, आर्टेमिसिया अशा वनस्पतींची लागवड आणि त्यांतील द्रव्यांचे रसायन हे तिचे क्षेत्र. दुसरी, सिब्ते हसन झैदी यांच्या नेतृत्वाखाली १९६५ साली सुरू झालेले औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्र. आज ते भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था या नावाने ओळखले जाते. एक संस्था औषध घडवते, दुसरी वनस्पतींतून कच्चा माल पुरवते आणि तिसरी कारखान्यात वापरली जाणारी द्रव्ये माणसाच्या रक्ताचे, फुप्फुसाचे आणि यकृताचे काय करतात ते मोजते. तिन्ही संस्थांच्या कामाचा विचार एकत्र केला, तर एक प्रश्न अपरिहार्यपणे उभा राहतो. रोग बरा करणारा एक किलोग्रॅम पदार्थ तयार करताना आपण किती किलोग्रॅम अपायकारक द्रव्य हवेत, पाण्यात आणि कामगाराच्या श्वासात सोडतो?

या प्रश्नाला आकड्यांचे रूप नेदरलँड्समध्ये काम करणाऱ्या रॉजर शेल्डन यांनी १९९२ साली दिले. तयार झालेल्या प्रत्येक किलोग्रॅम मालामागे किती किलोग्रॅम टाकाऊ द्रव्य निर्माण होते, या गुणोत्तराला त्यांनी पर्यावरणीय गुणक म्हटले. खनिज तेल शुद्धीकरणात हा गुणक एका दशांशाच्या आसपास, मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या रसायनांत १ ते ५, विशेष रसायनांत ५ ते ५० आणि औषधांत २५ ते १०० किंवा त्याहूनही अधिक असतो, असे त्यांना आढळले. ज्या तेलशुद्धीकरण कारखान्याकडे आपण नाक मुरडून पाहतो तो या हिशेबात सर्वांत काटकसरी ठरतो आणि शुभ्र गोळी बनवणारा उद्योग सर्वांत उधळ्या! यात कारखानदाराच्या निष्काळजीपणाचा भाग असेलही. परंतु मुख्य कारण निराळे आहे. औषधाचा रेणू गुंतागुंतीचा असतो, तो अनेक टप्प्यांनी बांधावा लागतो आणि प्रत्येक टप्प्यात काही गमावले जाते.

जे गमावले जाते त्यात, पाणी सोडल्यास, सर्वांत मोठा वाटा विद्रावकांचा असतो. विद्रावक म्हणजे ज्या द्रवात विक्रियाकारक विरघळवून घ्यायचे तो द्रव: बेंझीन, टोल्यूईन, डायक्लोरोमिथेन, ईथर, हेक्झेन, मेथिल अल्कोहॉल. त्याचे उपयोग खरेच मोलाचे आहेत. तो घन पदार्थांच्या रेणूंना सुटे करून एकमेकांजवळ आणतो, विक्रियेत निर्माण होणारी उष्णता शोषून घेतो आणि ठरावीक तापमानाला उकळून भांड्याचे तापमान त्यापुढे जाऊ देत नाही. परंतु अंतिम पदार्थात त्याचा अणुमात्र अंश राहावयाचा नसतो. तो यावा, काम करावे आणि निघून जावे, एवढेच त्याच्याकडून अपेक्षित असते. निघून कोठे जावे, हा विचार दीर्घकाळ कोणी फारसा केला नाही. बेंझीनच्या वाफेत वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांच्या अस्थिमज्जेवर परिणाम होतो आणि त्यातून रक्ताचा कर्करोग उद्भवू शकतो हे आता निर्विवाद आहे. एकेकाळी मात्र हाच द्रव प्रयोगशाळेत हात धुण्यासाठीही वापरला जात असे.

विद्रावकाच्या जोडीला दुसरे एक द्रव्य उभे असते, ते म्हणजे अम्ल. सेंद्रिय रसायनातील असंख्य विक्रिया अम्लाच्या उपस्थितीतच घडतात. अम्ल आपला प्रोटॉन रेणूला देते, रेणू क्रियाशील होतो, नवे बंध जुळतात आणि अखेरीस प्रोटॉन परत मिळतो. म्हणजे तत्त्वतः अम्ल खर्ची पडत नाही. ते उत्प्रेरक आहे. व्यवहारात मात्र सल्फ्यूरिक अम्ल विक्रियामिश्रणात इतके एकजीव होते की ते वेगळे काढण्याचा एकच सोपा मार्ग उरतो: पाण्यात ओतावे आणि चुन्याने किंवा सोड्याने मारून टाकावे.

हे प्रकरण किती महागात पडते ते एका उदाहरणाने पाहू. रिसॉर्सिनॉल आणि एथिल ॲसिटोॲसिटेट यांच्यापासून ७-हायड्रॉक्सी-४-मेथिल कुमारिन हे संयुग बनते. जर्मन रसायनज्ञ हान्स फॉन पेखमान यांनी १८८३ साली या प्रकारची विक्रिया प्रसिद्ध केली. हे संयुग निळसर प्रकाश देणारे असून पित्तविकारावरील औषध म्हणूनही वापरले गेले आहे. सेंटक्रोमनच्या रेणूतील क्रोमन वलय हे कुमारिनच्या वलयाचेच आप्त असल्याने लखनौच्या औषधी रसायनज्ञांना हे कुटुंब चांगलेच परिचयाचे आहे. विक्रियेचे गणित अगदी स्वच्छ आहे. ११० भार रिसॉर्सिनॉल आणि १३० भार एस्टर मिळून २४० होतात. त्यातून १७६ भार कुमारिन, ४६ भार एथिल अल्कोहॉल आणि १८ भार पाणी मिळते. बेरीज पुन्हा २४०. उपपदार्थ दोनच, अल्कोहॉल आणि पाणी. आणि दोन्ही निरुपद्रवी. कागदावर पाहिले तर याहून शुद्ध विक्रिया मिळणे कठीण.

आता प्रयोगशाळेतील जुनी, सर्वमान्य कृती पाहा. १०० ग्रॅम रिसॉर्सिनॉल १३४ ग्रॅम एस्टरमध्ये विरघळवून ते थेंबथेंब एक लिटर संहत सल्फ्यूरिक अम्लात सोडायचे. भांडे बर्फात ठेवायचे, कारण तापमान १०° से. च्या वर जाऊ द्यायचे नाही. नंतर बारा ते चोवीस तास थांबायचे आणि सर्व मिश्रण दोन किलोग्रॅम बर्फ आणि तीन लिटर पाणी यांत ओतायचे. साका खाली बसतो, तो गाळून घ्यायचा. सिद्धांताप्रमाणे १६० ग्रॅम कुमारिन मिळायला हवे. प्रत्यक्षात सुमारे १४० ग्रॅम मिळते असे धरू. एक लिटर अम्लाचे वजन १.८४ किलोग्रॅम भरते. म्हणजे पाणी हिशेबात न धरताही प्रत्येक किलोग्रॅम मालामागे सुमारे १४ किलोग्रॅम टाकाऊ द्रव्य झाले. हे अम्ल चुन्याने उदासीन करायचे तर त्या १४० ग्रॅमच्या मागे सुमारे ३ किलोग्रॅम ओले, रंगाने डागळलेले जिप्सम तयार होते आणि ते कोणताही सिमेंटवाला आनंदाने घेणार नाही. जी विक्रिया कागदावर केवळ अल्कोहॉल आणि पाणी देते ती प्रत्यक्षात जिप्समचा ढीग देते. दोष विक्रियेचा नाही, अम्लाच्या स्वरूपाचा आहे.

ते अम्ल द्रव न राहता घन असते तर? येथूनच घन अम्लांची कल्पना सुरू होते. प्रोटॉन देण्याची शक्ती एखाद्या न विरघळणाऱ्या घन पदार्थाच्या पृष्ठभागावर खिळवून ठेवली, तर विक्रिया त्या पृष्ठभागावर घडेल आणि काम संपल्यावर घन पदार्थ चहाच्या चोथ्याप्रमाणे गाळून काढता येईल. ना पाण्यात ओतणे, ना चुना. आणि गाळलेला चोथा येथे फेकायचा नसतो. तो पुन्हा वापरायचा असतो.

असे घन अम्ल निसर्गाने आपल्या हाती केव्हाच दिले आहे. केस धुण्यासाठी आणि चेहऱ्याला लावण्यासाठी घराघरांत वापरली जाणारी मुलतानी माती आणि तिची भावंडे असलेल्या बेंटोनाइटसारख्या मृत्तिका यांचा मुख्य घटक माँटमोरिलोनाइट हे खनिज असते. फ्रान्समधील माँटमोरियाँ या गावावरून त्याला हे नाव मिळाले. त्याचा कण म्हणजे अतिशय पातळ थरांची चळत. प्रत्येक थरात सिलिकेच्या दोन पापुद्र्यांमध्ये ॲल्युमिनाचा एक पापुद्रा दडपलेला. काही जागी ॲल्युमिनियमऐवजी मॅग्नेशियम बसल्याने थरावर ऋण विद्युत भार उरतो आणि तो भागवण्यासाठी थरांच्या फटींत सोडियम, कॅल्शियम यांचे आयन येऊन बसतात. ही माती खनिज अम्लात उकळली की त्या आयनांच्या जागी प्रोटॉन येतात, काही ॲल्युमिनियम बाहेर पडते आणि पृष्ठभाग कितीतरी वाढतो. वनस्पती तुपाच्या कारखान्यांत तेलाचा रंग काढण्यासाठी अशीच सक्रियित माती वापरतात. फ्रेंच अभियंते युजीन ऊद्री यांनी १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत जड खनिज तेलाचे पेट्रोल करण्याचा जो कारखाना उभारला, त्यातील उत्प्रेरकही अम्लप्रक्रिया केलेली मातीच होती. मातीवर जमणारा कोळसा हवेत जाळून टाकून ती पुन्हा वापरण्याची युक्तीही त्यांचीच. घन अम्लाच्या पुनर्वापराचा धडा, म्हणजे, तेलाच्या धंद्याने औषधाच्या धंद्याच्या कितीतरी आधी गिरवला.

दुसरा प्रकार झिओलाइटांचा. महाराष्ट्रातील वाचकाला हा शब्द परका वाटू नये. दख्खनच्या काळ्या बेसॉल्ट खडकातील पोकळ्यांत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट यांचे जे देखणे स्फटिक सापडतात ती झिओलाइटेच होत. पुणे, नाशिक, जळगाव या जिल्ह्यांतील खाणींचे नमुने जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत. स्वीडिश खनिजवैज्ञानिक क्रोनस्टेट यांनी १७५६ साली असे खनिज तापवले तेव्हा ते उकळल्यासारखे फसफसले. म्हणून त्यांनी त्याला ग्रीक शब्दांवरून ‘उकळणारा दगड’ असे नाव दिले. फसफसणारे ते पाणी स्फटिकातील सूक्ष्म बोगद्यांत साठलेले होते. कारखान्यांत वापरली जाणारी झिओलाइटे बहुधा कृत्रिम असतात, पण रचनेचे तत्त्व तेच. सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसले की एक ऋण भार उरतो आणि तेथे प्रोटॉन राहतो. बोगद्यांची रुंदी नेमकी असल्याने झिओलाइट चाळणीचेही काम करते. झेडएसएम-५ या झिओलाइटाची भोके सुमारे ०.५५ नॅनोमीटर रुंदीची असतात. त्यांतून सडपातळ पॅरा-झायलीन सहज निसटते, त्याचे रुंद भाऊबंद अडखळतात. औषधाच्या थोराड रेणूंना मात्र हीच अडचण होते. ते दारातूनच परत फिरतात.

तिसरा प्रकार मानवनिर्मित रेझिनांचा. पॉलिस्टायरीनच्या सच्छिद्र मण्यांवर सल्फॉनिक अम्लाचे गट जोडले की आयन-विनिमयी रेझीन तयार होते. पाणी मृदू करण्यासाठी अशीच रेझिने वापरतात. ॲम्बर्लिस्ट-१५ या प्रसिद्ध रेझिनाच्या एका ग्रॅमात सुमारे ४.७ मिलितुल्यांक अम्ल असते. सल्फ्यूरिक अम्लाच्या एका ग्रॅमातील सुमारे २० मिलितुल्यांकांशी तुलना केली तर हे थोडके वाटेल. परंतु रेझीन नाहीसे होत नसल्याने थोडक्यावर भागते. त्याची मर्यादा उष्णतेची आहे. १२०° से. च्या आसपास त्याचे गट तुटू लागतात.

येथे मुंबईचा धागा पुन्हा हाती येतो. माटुंग्याच्या ज्या विभागात नित्या आनंद शिकले तेथेच प्रा. मनमोहन शर्मा आणि त्यांचे विद्यार्थी यांनी रेझिनांचा उत्प्रेरक म्हणून विस्तृत अभ्यास केला. याच परंपरेतील, कोल्हापूर जिल्ह्यातील अर्जुनवाड्याचे प्रा. गणपती दादासाहेब यादव यांनी सल्फेटयुक्त झिर्कोनिया या अतितीव्र घन अम्लाची अनेक सुधारित रूपे घडवली आणि संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे गुंफून त्यांना यूडीकॅट अशी क्रमवार नावे दिली. सल्फेटयुक्त झिर्कोनियाचे हे विलक्षण सामर्थ्य जपानमधील हिनो आणि अराता यांनी १९७९-८० च्या सुमारास दाखवून दिले होते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झिओलाइट उत्प्रेरक विकसित केले आणि १९८० नंतरच्या दशकात ते झायलीनच्या रूपांतरणासाठी बडोद्याच्या कारखान्यात प्रत्यक्ष कामाला लागले. आपल्याकडे प्रयोगशाळेतून कारखान्यापर्यंत पोहोचणारी संशोधने मोजकीच असतात, म्हणून हे मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

अम्ल घन झाले. आता विद्रावकाचे काय? ‘विद्रावकावाचून विक्रिया घडूच शकत नाही’ ही समजूत इतकी जुनी आहे की ॲरिस्टॉटलच्या नावाने ती सांगितली जाते. लखनौच्या हकिमांच्या दवाखान्यात खरलात तासन्‌तास घोटली जाणारी औषधे पाहणाऱ्याला ती कधी पटली नसती. जपानमध्ये फुमिओ तोदा यांनी विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत दोन घन पदार्थ नुसते एकत्र खलून कितीतरी सेंद्रिय विक्रिया घडवून दाखवल्या. कित्येकदा दोन घन पदार्थ एकत्र घोटताच त्यांचा वितळणबिंदू खाली येतो आणि खलात चिकट ओलसर लगदा तयार होतो. खरी विक्रिया त्या लगद्यात घडते. एक विक्रियाकारक मुळातच द्रव असेल तर प्रश्न आणखी सोपा. तोच दुसऱ्याला विरघळवून घेतो. विद्रावक नसल्याने रेणू विरळ होत नाहीत, त्यांची गाठ वारंवार पडते आणि वेग वाढतो.

सुगंधी तेलांच्या रसायनात याचे उत्तम उदाहरण आहे. जावा सिट्रोनेला गवताच्या तेलातील सिट्रोनेलाल हे द्रव संयुग अम्लाच्या सान्निध्यात स्वतःभोवती वळून वलय बनवते आणि आयसोपुलेगॉल होते. दोहोंचा रेणुभार १५४ च. काही बाहेर पडत नाही, काही आत येत नाही. घन अम्लाची चिमूट टाकून ढवळायचे आणि गाळून घ्यायचे. प्रा. यादव यांच्या प्रयोगशाळेत झिर्कोनिया आणि कार्बनी चाळणी यांच्या संयुक्त उत्प्रेरकाने हे रूपांतर अभ्यासले गेले. आयसोपुलेगॉलमध्ये हायड्रोजन मिळवला की मेंथॉल तयार होते. अडचण एवढीच की आयसोपुलेगॉलचे चार अवकाशीय समघटक असतात आणि त्यांतील एकच इष्ट मेंथॉल देतो. अम्लाने नेमका तोच निवडायला हवा. जपानी कारखान्यांत यासाठी झिंक ब्रोमाइड वापरले गेले.

जाता जाता एक गोष्ट नोंदवली पाहिजे. लखनौजवळच्या बाराबंकी भागात शेतकरी मेंथॉल पुदिना पिकवतात. सुगंधी वनस्पती संस्थेने निवडलेल्या ‘हिमालय’, ‘कोसी’ यांसारख्या जातींनी ते पीक तेथे रुजवले. तेल थंड केले की मेंथॉलचे स्फटिक आपोआप सुटतात. त्याला अम्ल लागत नाही. जर्मनीत २०१२ साली कृत्रिम मेंथॉलचा मोठा कारखाना सुरू झाला तेव्हापासून या शेतकऱ्याची स्पर्धा अधिक कार्यक्षम उत्प्रेरकाशी आहे. ‘हरित’ हे विशेषण लावताना कोणाचे शेत हिरवे राहणार, हा प्रश्नही त्यात येतो.

आता आपल्या कुमारिनाकडे परत येऊ. रिसॉर्सिनॉल कोमट एस्टरमध्ये सहज विरघळते. त्यात रेझिनाचे मणी किंवा सक्रियित माती टाकून तापवले की कोणत्याही विद्रावकावाचून विक्रिया चांगली पुढे जाते, आणि असे प्रयोग अनेकांनी प्रसिद्ध केले आहेत. पण तयार झालेले कुमारिन १८५° से. ला वितळते आणि रेझीन तर १२०° च्या पलीकडे नेता येत नाही. परिणामी विक्रिया पुढे जाते तसतसे भांड्यातील द्रव घट्ट होतो आणि शेवटी माल आणि उत्प्रेरक यांचा एकच गोळा होऊन बसतो. ढवळणी अडते. दोन्ही घन, गाळणार काय? मग त्यात गरम अल्कोहॉल ओतून माल विरघळवायचा, मणी गाळायचे आणि अल्कोहॉल थंड करून स्फटिक काढायचे. समोरच्या दाराने घालवलेला विद्रावक मागच्या दाराने परत आला! तरीही लाभ मोठा आहे, कारण अल्कोहॉल ऊर्ध्वपातनाने परत मिळते आणि जिप्समचा ढीग टळतो. मात्र अशा कृतीला ‘विद्रावकरहित’ म्हणणे हे अर्धेच खरे आहे. याहून वाईट उदाहरणेही आहेत. विक्रिया कोरडी, आणि तिचा माल शुद्ध करण्यासाठी सिलिका जेलच्या स्तंभातून लिटरच्या लिटर हेक्झेन आणि एथिल ॲसिटेट ओतलेले. हिशेब नेहमी दारापासून दारापर्यंत मांडावा.

कारखान्यात आणखी एक धोका उद्भवतो. विद्रावक ही उष्णतेची गादी असते. ती काढून घेतली की उष्णता सोडणारी विक्रिया बेफाम होऊ शकते. दहा ग्रॅमच्या खलात जी ऊब जाणवतही नाही तीच हजार किलोग्रॅमच्या भांड्यात स्फोटक ठरते, कारण आकारमान ज्या वेगाने वाढते त्या वेगाने उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग वाढत नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये टाकीत पाणी शिरून सुरू झालेली उष्णताजनक विक्रिया कोणालाही रोखता आली नाही, हे भारतीय रसायनज्ञाने विसरू नये. म्हणून विद्रावकरहित विक्रियांसाठी उत्प्रेरकाचा स्थिर थर आणि त्यातून सतत वाहणारा विक्रियाकारकांचा प्रवाह ही रचना अधिक सुरक्षित ठरते; कोणत्याही क्षणी थोडेसेच द्रव्य तापलेले असते. ॲनिसोल आणि ॲसिटिक ॲनहायड्राइड यांपासून सुगंधी उद्योगातील एक कीटोन बनवण्यासाठी फ्रान्समध्ये १९९० नंतरच्या दशकात हाच मार्ग स्वीकारला गेला. पूर्वी त्यासाठी ॲल्युमिनियम क्लोराइड एकास एकाहून अधिक प्रमाणात आणि क्लोरीनयुक्त विद्रावक लागे. आता बीटा झिओलाइटाचा थर पुरतो आणि दूषित पाण्याचे प्रमाण अत्यंत घटले.

पुनर्वापराच्या दाव्यांकडेही जरा कठोरपणे पाहिले पाहिजे. शोधनिबंधांच्या शेवटी बहुधा एक तक्ता असतो: उत्प्रेरक पाच वेळा वापरला आणि उत्पादन जवळजवळ तेवढेच राहिले. वाचकाने येथे थबकावे. समजा, विक्रिया दोन तासांत पूर्ण होते आणि संशोधक प्रत्येक वेळी सहा तास थांबतो. उत्प्रेरकाने आपली निम्मी शक्ती गमावली तरी ती चार तासांत पूर्ण होईल आणि तक्त्यात काहीच फरक दिसणार नाही. खरी कसोटी विक्रिया अर्धवट असतानाचा वेग मोजण्यात आहे. प्रत्येक वापरात केवळ पाच टक्के शक्ती जात असेल तर पाच वापरांनंतर सुमारे ७७ टक्के उरते, हे ठीक. पण वीस वापरांनंतर ३६ टक्केच उरते. कारखान्याला पाच नव्हे, शेकडो फेऱ्या हव्या असतात.

दुसरी कसोटी निक्षालनाची. घन पदार्थावरचे अम्ल हळूहळू द्रवात झिरपत असेल तर काम घन पदार्थ करीत नसून झिरपलेले द्रव अम्लच करीत असते. ते ओळखण्याची रीत सोपी आहे. विक्रिया अर्ध्यावर असताना मिश्रण गरम असतानाच उत्प्रेरक गाळून काढायचा आणि उरलेला द्रव तसाच तापवत राहायचा. विक्रिया थांबली तर उत्प्रेरक प्रामाणिक. चालू राहिली तर अम्ल झिरपले. सिलिकेवर नुसते सल्फ्यूरिक अम्ल शिंपडून बनवलेले अनेक स्वस्त ‘घन’ उत्प्रेरक या कसोटीवर सहज उघडे पडतात. विक्रियेत पाणी निर्माण होत असेल तर धोका अधिकच, कारण पाणी ते अम्ल धुऊन नेते. थकलेल्या झिओलाइटाला ५००° से. च्या वर हवेत भाजून ताजे करता येते. रेझिनाला तसे भाजता येत नाही. ते विद्रावकाने आणि अम्लाने धुवावे लागते आणि त्या धुण्याचाही हिशेब कोणीतरी द्यावा लागतो.

शेवटी लखनौच्याच एका औषधाकडे वळू. मेंदूपर्यंत पोहोचलेल्या हिवतापावर वापरले जाणारे आर्टेईथर तेथील औषधी संशोधन संस्था आणि सुगंधी वनस्पती संस्था यांच्या संयुक्त परिश्रमातून भारतात उपलब्ध झाले. आर्टेमिसिया ॲन्युआ या झुडपाच्या पानांतून आर्टेमिसिनिन काढतात, त्याचे क्षपण करून डायहायड्रोआर्टेमिसिनिन बनवतात आणि मग त्याला एथिल अल्कोहॉल जोडतात. हा शेवटचा टप्पा अम्लाचा आहे: २८४ भारात ४६ भार अल्कोहॉल मिळून ३१२ भार आर्टेईथर आणि १८ भार पाणी. येथे अल्कोहॉल स्वतःच विक्रियाकारक आणि स्वतःच विद्रावक असते आणि अम्लाचे काम आयन-विनिमयी रेझीन करू शकते. ते गाळले की झाले. रेणूतील ऑक्सिजनचा नाजूक पूल तीव्र अम्लाने मोडू शकतो, म्हणूनही सौम्य रेझीन येथे सोयीचे. परंतु या औषधाच्या साऱ्या प्रवासाचा हिशेब मांडला तर विद्रावकाचा खरा भार या टप्प्यावर नसतो. वाळलेल्या पानांत आर्टेमिसिनिनचे प्रमाण चांगल्या जातीतही एक टक्क्याच्या आसपास असते. एक किलोग्रॅम आर्टेमिसिनिनसाठी निदान शंभर किलोग्रॅम सुकी पाने हेक्झेनसारख्या विद्रावकात भिजवावी लागतात, तो द्रव आटवावा लागतो आणि पानांच्या चोथ्यात अडकलेला उरलासुरला विद्रावक वाफेने हाकून परत मिळवावा लागतो. जितका परत मिळत नाही तितका हवेत जातो. अधिक आर्टेमिसिनिन देणारी जात शोधणे, पानांतून ते कमी विद्रावकात काढणे आणि अखेरच्या टप्प्यावर घन अम्ल वापरणे ही तीन कामे लखनौत दोन निरनिराळ्या आवारांत चालणारी; औषधाच्या कुपीत मात्र त्यांचा हिशेब एकच होतो.